वाणात आलेली डबी

"सुलट बाजू सगळ्यांचीच चांगली असते. उलट दाखव."

मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या अक्कांचं हे नेहमीचं वाक्य. एखाद्या मुलीनं झबलं शिवून आणलं, तर त्या ते समोरून बघायच्याच नाहीत. हातात घेतल्या घेतल्या बाह्या आत ढकलून झबलं उलटं करायचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचा आणि शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवत न्यायचं. कुठं टाका सुटलेला सापडला की झबलं परत, आणि वर ते वाक्य.

आता शिवणाच्या बाईंनी शिवण तपासली तर त्यांना कोण काय म्हणणार? पण शाळा सुटली तरी अक्कांची ती खोड सुटायची नाही, आणि शाळेतून घरी जाताना वाटेत आमचं दुकान लागायचं. माझ्या डोक्याचा ताप सुरू व्हायचा तो तिथून.

जळगावात आमचं कटलरीचं दुकान होतं. कटलरी म्हणजे बांगड्या, रिबिनी, टिकल्या, पावडरी, क्रीमच्या बाटल्या, बायकांना जे जे लागतं ते सगळं. दुपारी आमचे हे जेवून आडवे व्हायचे आणि दुकानात मी बसायचे. नेमक्या त्याच वेळी अक्का येणार, कोल्ड क्रीमची बाटली मागणार, आणि बाटलीवरच्या हसऱ्या बाईकडे ढुंकूनही न बघता बाटली पालथी करणार.

"हे बारीक काय लिहिलंय गं सूनबाई?"

माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं. अक्षर लावून लावून मी सांगायचे, "फक्त बाहेरून लावण्यासाठी."

"हं. म्हणजे कुणीतरी खाल्लं असणार."

"अक्का, क्रीम कोण खाईल?"

"त्याशिवाय लिहायची पाळी कशाला येईल? आणि हे खालचं?"

"डोळ्यांत जाऊ देऊ नये."

"म्हणजे कुणाच्या तरी गेलंय. मग त्या बाईच्या डोळ्याचं पुढं काय झालं? ते कुठं लिहिलंय?"

ते कुठं लिहिलेलं असणार, तुम्हीच सांगा. पण अक्कांचा चेहरा असा व्हायचा, जणू मी ते पोटात दडवून ठेवलंय. त्यात आमच्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर आत काय काय घातलंय हे लिहिलेलंच नसायचं. त्यावरून तर त्यांचं रोज एक भाषण. "साध्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर लिहितात. हिला सांगायला लाज वाटते का?" मग माझ्याकडची वापरायची उघडी बाटली मागून बोटभर क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी भर गिऱ्हाइकांसमोर बाही वर करून कोपर दाखवायचं. "काही झालं नाही. पण आज झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नाही." एवढं करून बाटली घ्यायच्याच असं नाही. पुष्कळदा नुसती शंका ठेवून निघून जायच्या, आणि मागं राहिलेली गिऱ्हाइकं बाटल्या पालथ्या करत बसायची.

बरं, त्यांच्या शंका खऱ्या निघायच्या म्हणावं, तर तसंही नाही. कोपऱ्यावरच्या मारवाडी शेठजींच्या बेसनात खडूची भुकटी आहे, असं त्यांनी एकदा गल्लीभर करून सोडलं. बेसन चेहऱ्याला लावलं तर ओढ बसते म्हणे. शेठजींनी भल्या सकाळी त्यांच्यादेखत डाळ दळवली, त्याच पिठाची भजी तळून सगळ्या गल्लीला खायला घातली. अक्कांनीही खाल्ली. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "आजची डाळ चांगली होती." शेठजींनी त्यांना लांबूनच हात जोडले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. समोर आली की आपण कामाचं सोंग करतो, आणि गेल्यावर आपल्याच हातातल्या वस्तूकडे जरा निरखून बघतो.

अक्कांकडे मात्र लोक दुसऱ्याच कारणानं निरखून बघायचे. त्यांच्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मधे, एक पांढरा गोल डाग होता. कंपासनं काढावा इतका नेमका गोल. चिकटणाऱ्या टिकल्या नव्या नव्या निघाल्या तेव्हा अक्कांनी हौसेनं मेण-कुंकू सोडून टिकली लावायला घेतली. तिच्यामागच्या डिंकात काय होतं कुणास ठाऊक. आधी खाज सुटली, मग टिकलीखालची कातडी पांढरी होत गेली आणि तशीच राहिली. पुढं यजमान वारले. टिकली गेली, पण तिची जागा गेली नाही. गल्लीतल्या निम्म्या बायका म्हणायच्या, ते कोडच आहे, टिकलीचं निमित्त सांगते. डाग वर्षानुवर्षं तेवढाच होता, पण आमच्या सासूबाई त्यांना दिलेला चहाचा कप वेगळा विसळायच्या. मी बघायचे आणि गप्प बसायचे. खरं काय कुणाला माहीत, असं मलाही वाटायचं.

आता त्या संक्रांतीचं सांगते.

आमच्या गल्लीत एक वकीलीणबाई होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांचं वाण नेहमी सगळ्यांपेक्षा वेगळं. आपण प्लास्टिकची वाटी लुटली की त्या फुलांची परडी लुटणार, आपण कंगवा दिला की त्या आरशासकट कंगवा देणार. त्या वर्षी त्यांनी प्रत्येकीच्या हातात एक गुलाबी झाकणाची छोटीशी डबी ठेवली. आत पांढरंशुभ्र क्रीम. "माझ्या चाळीसगावच्या भाचीकडचं आहे," त्या म्हणाल्या. "तिचं ब्यूटी पार्लर आहे. स्वतः घरी बनवते. झोपताना लावा आणि आठ दिवसांनी मला सांगा."

वाण नाकारायचं नसतं, आणि वाणाला हे काय आहे असं विचारायचंही नसतं. पदर पुढं करून घ्यायचं असतं. आम्ही सगळ्याजणी तिथं होतो. विचारणारी एकच होती, आणि विधवा म्हणून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं जायचं नाही. तेव्हा आमच्याकडे अशीच रीत होती, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

माझी नणंद कल्पना, आमची कल्पू, हिचं लग्न त्या वेळी ठरलेलं होतं. मुलगा भडगावचा, घरची केळीची बाग. लग्न वैशाखात, आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया झाल्यावर. कल्पू सावळी होती, नाकीडोळी नीटस, आणि आपल्या सावळेपणाचा तिला उगाचच धसका. डबीतलं क्रीम लावलं आणि खरंच, तुम्हाला सांगते, आठ दिवसांत तिचा चेहरा उजळला. बारीक पुटकुळ्या होत्या त्या गेल्या. कातडी कशी नितळ, आतून दिवा लावल्यासारखी. सासूबाई हरखल्या. डबी इवलीशी, ती संपायला आली, तर गल्लीतल्या बायकांनी आपापल्या डब्या आणून दिल्या. "नवरी आहे, तिला लागेल." मीही माझी दिली. अशी सगळ्या गल्लीची माया कल्पूच्या तोंडाला लागली. तीही संपली, तेव्हा वकीलीणबाईंनी चाळीसगावहून मोठी बरणीच मागवून दिली.

होळीच्या सुमाराला अक्का दुकानात आल्या आणि कल्पू नेमकी तिथं होती. ती शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेली. अक्कांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"काय लावतेस?"

कल्पूनं लाजत बरणी आणून दाखवली. अक्कांनी ती पालथी केली. मग आडवी केली. मग झाकण उघडून झाकणाच्या आत बघितलं. कुठंच अक्षर नाही.

"उलट बाजूच नाही हिला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मला जरा वेगळा वाटला. "पोरी, तुझी कातडी पातळ झाली आहे. धुऊन धुऊन मलमल विरते ना, तशी. गालावर ह्या तांबड्या रेषा बघ. आणि ही लव आधी होती का?"

मी बघितलं. रेषा होत्या. बारीक, दोऱ्यासारख्या. लवही होती. पण गोरेपणाच्या आनंदात कोण रेषा बघतंय?

"बंद कर," अक्का म्हणाल्या.

शाळेतली भीती माणसाच्या अंगात राहते. कल्पूनं गुपचूप बंद केलं. दोन-तीन दिवसांत तिचा चेहरा तांबडालाल झाला, सुजला, वर पुरळ उठलं. पाणी लावलं तरी आग व्हायची. पोरगी आरशासमोर बसून रडायची आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलं की त्यानंही तिची आग व्हायची.

सासूबाईंचं माहेर धरणगावचं. राग आला की त्या थेट अहिराणीवर यायच्या. "तिनी नजर लागनी पोरीले," त्या म्हणाल्या. "हनुवटी धरीसन पाह्यनी ना, तवयच मले समजनं." त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि कल्पूला परत बरणीतलं क्रीम लावायला लावलं. दोन दिवसांत आग थांबली, चेहरा निवळला. आता बोला. बंद केलं की बिघडतं, लावलं की सुधारतं. क्रीम चांगलं आणि अक्का वाईट, असं सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं.

माझ्या मनात याहून काळी शंका आली होती. अक्कांच्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न फार पूर्वी मोडलं होतं, आणि ते अक्कांच्या कपाळावरच्या डागामुळे मोडलं, असं मी सासूबाईंकडून ऐकलेलं. आपल्या घरचं मोडलं, आता दुसऱ्याचं मोडलेलं हिला बघायचंय की काय? मी हे कुणाला बोलले नाही. पण अक्का दुकानाच्या पायरीशी आल्या की मी कल्पूला आत पाठवायला लागले.

अक्कांना ते कळत होतं. एकदा त्या पायरीवरच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"चेहरा परत बरा झाला म्हणे."

"हो. लावल्यावर झाला," मी जरा ठसक्यातच म्हणाले.

"सोडली की जीव तळमळतो आणि घेतली की शांत होतो, अशी एकच वस्तू मला माहीत आहे सूनबाई. ती दारूच्या गुत्त्यात मिळते. ह्या बरणीत काय आहे ते मला बघायचंय."

त्या वकीलीणबाईंकडे गेल्या. वकीलीणबाईंनी दारातच सांगितलं, "मी चांगल्या मनानं दिलं. तुम्हाला तर दिलंही नव्हतं." अक्का परत फिरल्या. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी सकाळच्या गाडीत बसल्या आणि एकट्या चाळीसगावला गेल्या.

तिथलं सगळं त्यांनी नंतर मला सांगितलं. पार्लर म्हणजे स्टेशनजवळच्या एका दुकानामागची खोली. अक्कांनी कपाळावरचा डाग दाखवला आणि यावर काही मिळेल का म्हणाल्या. त्या भाचीला बिचारीला दया आली. तिनं खुर्ची दिली, चहा मागवला. कोपऱ्यात एका परातीत औषधाच्या ट्यूबा पिळून ठेवलेल्या, त्यात कोल्ड क्रीम आणि गुलाबपाणी ओतून ती चमच्यानं फेटत होती. टेबलाखाली पिळलेल्या ट्यूबा आणि त्यांची खोकी यांचा ढीग.

"ही खोकी टाकून देता?" अक्कांनी विचारलं.

"ठेवून काय करू? खोकं बघितलं की बायका घाबरतात. औषध आहे म्हणतात. म्हणून मी डबीत भरून देते."

"आमच्या शाळेत हस्तकलेला रिकामी खोकी लागतात," अक्का म्हणाल्या. भाचीनं आनंदानं पिशवी भरून दिली. वर ट्यूबाही दिल्या, पताका कापायला चकचकीत पत्रा बरा म्हणून.

"लबाड नाही गं ती," अक्का मला म्हणाल्या. "तिच्या स्वतःच्या गालावर त्याच तांबड्या रेषा. तीही तेच लावते. मी तिला सांगितलं, बाई, तू लावू नकोस. तर मला म्हणाली, सोडून बघितलं होतं, फार आग होते."

ती पिशवी घेऊन अक्का थेट आमच्या घरी आल्या. दुकानात नाही, घरी. आमचे सासरे लवकर गेलेले, घरात कर्त्या त्या सासूबाईच. त्यांनी पाट दिला नाही. अक्का उभ्याच राहिल्या आणि पिशवीतलं एक खोकं काढून माझ्या हातात दिलं. खोक्यावर लाल रेघ होती आणि रेघेशेजारी बारीक अक्षरं. मी मोठ्यानं वाचत गेले. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. चेहऱ्यावर वापरू नये. जास्त दिवस लावू नये. वाचता वाचता माझाच आवाज बारीक झाला, कारण कल्पू तेच संक्रांतीपासून रोज चेहऱ्याला चोळत होती.

कल्पू दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, आता लावूनही आग होते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी अक्का, कल्पू आणि मी अशा तिघी धुळ्याच्या बसमध्ये बसलो. चैत्रातलं ऊन. कल्पूनं ओढणी तोंडावरून घेतलेली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. धुळ्याला कातडीचे एक नावाजलेले डॉक्टर होते. त्यांनी चेहरा बघितला, खोकं बघितलं.

"हे कुणी लिहून दिलं?"

"वाणात मिळालं," मी म्हणाले.

"कशात?"

"संक्रांतीच्या वाणात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग शांतपणे सांगितलं की औषध वाईट नाही. इसबासारख्या आजाराला, थोडेच दिवस, डॉक्टरच्या देखरेखीत द्यायचं असतं. रोज तोंडाला चोळलं की कातडी पातळ होते, आणि एकदम सोडलं की भडकते. आता हळूहळू सोडवावं लागेल, ते मी सांगेन तसंच करायचं, उन्हात जायचं नाही. चेहरा आधी बिघडेल आणि मग सुधारेल.

"वैशाखात लग्न आहे," मी म्हणाले.

"तोवर नाही सुधारणार," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी सगळं डोक्यात फिरवून बघितलं. लग्नापर्यंत बरणीतलं लावत राहायचं, नवरी गोरी उभी करायची, आणि सोडायचं ते सासरी गेल्यावर. मला वाटलं हा विचार माझ्या एकटीच्याच मनात आहे. घरी पोचलो तर सासूबाई तेच बोलल्या.

अक्का आम्हाला सोडून निघाल्या होत्या, पायरीवर चपला घालत होत्या. त्यांनी चपला परत काढल्या आणि न बोलावता आत येऊन बसल्या.

"तुम्हाला माझ्या बहिणीचं सगळं माहीत आहे ना?" त्या सासूबाईंना म्हणाल्या. "मग अर्धंच माहीत आहे. साखरपुड्याच्या दिवशी आईनं माझा हा डाग मोठ्या कुंकवाखाली झाकला आणि मला आतल्या खोलीत बसवलं. उन्हाळा होता. घामानं कुंकू ओघळलं, आणि मुलाकडची एक बाई पाणी प्यायला आत आली. लग्न डागानं नाही मोडलं. ती माणसं म्हणाली, तुम्ही झाकलंत, अजून काय काय झाकलं असेल? आणि ते चुकीचं बोलले नाहीत. त्यांना बोलावून दाखवा. उलट बाजू आधी दाखवा. मोडायचं असेल तर आज मोडेल, पोरगी तरी घरात असेल."

सासूबाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. "अन् मोडलं तर?" त्या म्हणाल्या.

"तर मला शिव्या द्या. मला सवय आहे."

भडगावला निरोप गेला. ते दिवस कसे काढले ते विचारू नका. बरणीतलं बंद झालं होतं, डॉक्टरांची औषधं चालू होती, आणि कल्पूचा चेहरा परत पेटला होता. मुलाची आई आली, उंच, रापलेली, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. कल्पू समोर येऊन बसली, तोंड न झाकता. अक्का तिच्या शेजारी बसल्या होत्या. ठरलेल्या लग्नाच्या बैठकीत अक्का कुणाच्या घरी पुढच्या खोलीत बसल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. सासूबाईंनी सगळं सांगितलं, डबी, बरणी, धुळ्याचे डॉक्टर. खोकंसुद्धा पुढं ठेवलं.

मुलाच्या आईनं खोकं हातात घेतलंच नाही. ती कल्पूकडे बघत राहिली, मग अक्कांच्या कपाळाकडे.

"हाई बरं व्हई का?" तिनं विचारलं.

"बरं होईल," अक्का म्हणाल्या. "पण गोरी नाही होणार. होती तशी होईल. आणि ह्या रेषांचं मी खात्रीनं नाही सांगत, त्या कदाचित राहतील."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. बाई, निदान एवढं तरी गोड बोलायचं होतंस.

मुलाच्या आईनं खाटेवरून उठून कल्पूच्या डोक्यावर हात ठेवला. "आमना घरमा बठ्ठा सावळाच शेतस," ती म्हणाली, सगळेच सावळे म्हणून. "गोरी कोन मांगस?" आणि मग आमच्याकडे वळून, "खरं बोलता का, एवढंच बघायला आले होते," असं सरळ मराठीत म्हणाली. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. मी चहा टाकायला आत गेले आणि चुलीसमोर उभी राहून पोटभर रडून घेतलं.

लग्नाच्या फोटोत कल्पूचा चेहरा चट्ट्याचट्ट्यांचा आहे. फोटोवाला म्हणाला, ब्रशनं साफ करून देतो. कल्पूनं नको सांगितलं. पावसाळा सरता सरता चेहरा बराचसा निवळला. एका गालावर दोन तांबड्या रेषा मात्र राहिल्या, त्या आजही आहेत. वकीलीणबाईंनी आमच्याशी बोलणं टाकलं, पण काही दिवसांनी त्या तोंडाला पदर लावून धुळ्याच्या बसमध्ये बसलेल्या आमच्या ह्यांना दिसल्या. अक्कांना कळल्यावर त्या हसल्या नाहीत. "भाचीला पण नेलं का?" एवढंच विचारलं.

लग्नानंतरची पहिली संक्रांत. कल्पूचं हळदीकुंकू माहेरी, आमच्याकडे होतं. बोलावणी करायला ती स्वतः गल्लीत फिरली, आणि पहिल्यांदा अक्कांच्या दारात गेली. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी उठून चांगली सतरंजी काढून अंथरली.

अक्का आल्या तशा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कल्पू करंडा घेऊन त्यांच्यासमोर बसली. तिचा हात कुंकवाकडे गेला आणि अडला.

"कुंकू नको," अक्का म्हणाल्या. "हळद लाव."

कल्पूनं त्या पांढऱ्या गोलावर हळदीचं बोट टेकवलं. मग वाण दिलं. स्टीलची साधी वाटी. अक्कांनी पदर पुढं करून घेतली, आणि सवयीप्रमाणे पालथी केली.

वाट्यांवर नावं आपण काठावर घालून घेतो. कल्पूनं ह्या एका वाटीवर नाव तळाला घालून घेतलं होतं. ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात, अक्का. बाकीच्या वाट्यांचा तळ कोरा होता. अक्कांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि त्या अक्षरांवरून अंगठ्याचं नख फिरवत नेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"काम बरं केलंय," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी तिळगूळ घाईघाईनं तोंडात टाकला.

अक्का जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची खोली आवरायला धाकटी बहीण धरणगावहून आली होती. तिला मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. तिचं लग्न पुढं झालं होतं, उशिरा. भांडी काढता काढता ती वाटी तिच्या हाताला लागली आणि तिनं ती मला दिली.

"तुमच्या घरच्या लग्नात तिला पुढच्या खोलीत बसवली होती म्हणे," ती म्हणाली. "माझ्या वेळी आम्ही तिला आत बसवली."

ती वाटी माझ्या स्वयंपाकघरात आहे. घासून पालथी घातली की नाव वर येतं. नख फिरवलं तर अजून लागतं.